छपरावरून किती फूट

पत्र सकाळी अकराला आलं आणि सव्वाअकरापर्यंत काकांनी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, म्हणून त्यांना वाटलं की आपण भलतंच काहीतरी वाचतोय. मग चष्मा लावून वाचलं. मग उभं राहून वाचलं. चौथ्या वेळी मोठ्याने वाचलं, कारखान्यात उघड्या पडलेल्या चार पियानोंसमोर.

"आपल्या वस्तीवरून तीन हजार फुटांच्या खाली कोणतेही विमान जात नाही. आपण नोंदवलेले आवाज अन्य स्रोतांचे असण्याची शक्यता आहे. आपले वय लक्षात घेता श्रवणक्षमतेची तपासणी करून घेणे हितावह ठरेल."

खाली विमानतळाच्या तक्रार कक्षाचा शिक्का होता आणि त्यावर सही. सही करणाऱ्याने पेन इतकं भरभर ओढलं होतं की नावातलं एक अक्षर लागत नव्हतं.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं काहीही लिहिलं असतं तर चाललं असतं. तक्रारीची दखल घेतली आहे, विचार चालू आहे, असं काहीतरी गुळमुळीत लिहून वाटेला लावलं असतं, तरी माणसाने समजून घेतलं असतं. पण कान? अडतीस वर्षं हा माणूस पियानो सुरात लावत होता. गल्ली त्यांना पियानोवाले काका म्हणायची. घरभाडं, दोन मुलींची शिक्षणं, लग्नं, सगळं त्या दोन कानांवर झालं होतं.

पियानोच्या एका पट्टीमागे बहुतेक ठिकाणी तीन तारा असतात. तिन्ही नेमक्या एका सुरात नसल्या, की आवाज हेलकावे खातो, पाण्यावरच्या होडीसारखा. काकांचं काम म्हणजे ते हेलकावे ऐकायचे आणि किल्लीने खुंटी केसभर फिरवत ते संथ करत न्यायचे, अगदी थांबेपर्यंत. हे कानाशिवाय होत नाही आणि शांततेशिवाय तर मुळीच होत नाही. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र अकरा ते चार या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी छपरावरून विमान जायला लागलं होतं. आवाज यायचा, खिडकीची काच तारांबरोबर गुणगुणायची आणि हेलकावा बुडून जायचा. काका हात थांबवून उभे राहायचे. आवाज ओसरला की कान पुन्हा मूळ जागेवर आणायला दोन मिनिटं लागायची, तोवर पुढचं यायचं.

मागच्या महिन्यात संगीत शाळेचा मोठा पियानो त्यांनी लावून दिला आणि आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला. फार सभ्य बाई. "काका, वरची दोन सप्तकं जरा रुसलीत का हो?" एवढंच म्हणाल्या. काका रविवारी स्वतः जाऊन पुन्हा लावून आले, पण असं अडतीस वर्षांत झालं नव्हतं. त्याच रात्री त्यांनी एक्केचाळीस विमानांच्या तारखा आणि वेळा लिहून तक्रार पाठवली होती. तिचं हे उत्तर.

दुपारी वरच्या मजल्यावरून ताई खाली चहाला आली. ताई म्हणजे त्यांची सहा वर्षांनी मोठी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं केबल जोडून निवृत्त झालेली. तिने पत्र एकदाच वाचलं, घडी घातली आणि बशीखाली ठेवलं.

"कान तपासून घे म्हणतात."

"ताई, हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? तू काय लिहितोयस ते दाखव आधी."

काकांनी कागद पुढे केला. "आपल्या उद्धट पत्राबद्दल" अशी सुरुवात होती आणि पुढे सूर चढतच गेला होता. ताईने अर्धं पान वाचून कागद परत दिला.

"हे पाठवलंस तर ते फायलीत लावतील आणि वर लिहितील, म्हातारा चिडका आहे. तू म्हणतोस विमानं खालून जातात, ते म्हणतात जात नाहीत. तुझ्याकडे कान आहेत, त्यांच्याकडे शिक्का. कोणाचं खरं धरतील?"

"मग काय करू? शिडी लावून टेपने मोजू?"

"विमानालाच विचारायचं," ताई म्हणाली. "प्रत्येक विमान सारखं ओरडत असतं, धाकट्या. मी अमुक, एवढ्या उंचीवर, या जागी. सेकंदाला दोनदा तरी. रेडिओवर. त्यात लपवालपवी काही नाही, ज्याच्याकडे रिसीव्हर असेल त्याने ऐकावं. लोक घरी बसून ऐकतात."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ही उंची त्या ऑफिसातल्या माणसालाही ऐकू येते?"

"येत असणारच."

"आणि तरी त्याने असं लिहिलं?"

"ऐकलं नसेल त्याने. खुर्चीत बसून लिहिलं असेल."

यावर काका जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण संध्याकाळी दोघं बाजारात गेली.

इलेक्ट्रॉनिक्सचं ते दुकान लांबट होतं. पुढे काचेच्या कपाटांत नवे चकाचक डबे, मागे भिंतभर छोटे ड्रॉवर. दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला, जिभेवर तेल असावं तसा गुळगुळीत बोलणारा. ताईने त्याला सरळ सांगितलं की विमानांचे संदेश घेणारा रिसीव्हर हवा आहे, एक हजार नव्वद मेगाहर्ट्झचा. दुकानदाराने मान डोलावली आणि काकांकडे वळून म्हणाला, "सर, तुमच्यासाठी एक मस्त वस्तू आहे."

"विचारलं मी," ताई म्हणाली.

"हो आजी, बसा ना तुम्ही, खुर्ची आहे तिकडे." आणि परत काकांकडे. "सर, लोक ते डोंगल-बिंगल घेतात, अँटेना वेगळा, कॉम्प्युटर वेगळा, जोडत बसा. कचरा आहे तो. हा बघा."

त्याने कपाटातून एक डबा काढला. काळा, जड, पुढे तळहाताएवढा पडदा आणि मागे दोन अँटेने, सशाच्या कानांसारखे उभे. बटण दाबताच पडद्यावर नकाशा आला आणि त्यावर छोटी पिवळी विमानं सरकू लागली. काकांना ते बघून खरंच बरं वाटलं. आठ महिन्यांचा शत्रू पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होता.

ताईने मागे वाकून बघितलं. "या अँटेन्यांची लांबी बरोबर वाटत नाही. आणि आतमध्ये फिल्टर कोणता आहे?"

"आजी, आतलं सगळं कंपनी बघते."

"धाकट्या, हा नको," ताई म्हणाली.

पण काकांच्या डोक्यात सकाळचं पत्र होतं. उद्याच्या उद्या पुरावा हवा होता. जोडत बसायला, शोधत बसायला त्यांच्यात दम नव्हता. त्यांनी डबा घेतला. घरी येईपर्यंत ताई एक शब्द बोलली नाही आणि तिच्या न बोलण्याचा आवाज काकांना चांगला ओळखता येत होता.

दुसऱ्या दिवशी डबा कारखान्याच्या खिडकीत बसला. अकरा वाजून सात मिनिटांनी छपरावरून विमान गेलं, नेहमीसारखं, काच गुणगुणली. काका धावत डब्यापाशी गेले. पडद्यावर त्यांच्या वस्तीवर काहीच नव्हतं. लांब, शहराच्या पलीकडे, दोन पिवळी विमानं निवांत चालली होती. साडेअकराला तेच झालं. बाराला तेच. एकाच्या सुमाराला इंटरनेट बंद पडलं आणि विमानं पडद्यावर जागच्या जागी थिजली.

"हं," ताई म्हणाली. ती एव्हाना खाली येऊन बसली होती. इंटरनेट आल्यावर तिने डब्याचे दोन्ही अँटेने पिळून काढून टाकले. पडद्यावरची विमानं चालतच राहिली, एकाच्याही चालीत फरक पडला नाही. "स्क्रूड्रायव्हर दे."

पियानोच्या हत्यारांतून काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हर दिला. चार स्क्रू निघाले. आत एक स्वस्तातला कॉम्प्युटर, पडद्याची पट्टी आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा एक तुकडा होता. मागच्या अँटेन्यांपासून दोन काळ्या वायरी आत आल्या होत्या आणि बोटभर लांब येऊन प्लॅस्टिकला गोंदाने चिकटवल्या होत्या. पुढे कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

"हा रिसीव्हर नाहीच," ताई म्हणाली. "हा इंटरनेटवरून दुसऱ्यांनी टिपलेली विमानं आणून दाखवतो. आपल्या भागात कोणाच्या घरी रिसीव्हर नाही, म्हणून खालून जाणारी यात येतच नाहीत."

काका त्या गोंदाच्या ठिपक्याकडे बघत राहिले. कुठेतरी एका माणसाने बसून तो ठिपका नीट लावला होता. वायर हलून आवाज येऊ नये, गिऱ्हाइकाला शंका येऊ नये म्हणून. खोटं करायला एवढी मेहनत.  काल एकाने त्यांना बहिरं ठरवलं आणि आज दुसऱ्याने शेंडी लावली.

"मी सांगितलं होतं, असं म्हणणार नाहीस ना?"

"नाही," ताई म्हणाली. "चल, चपला घाल."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. काकांनी उघडा डबा काउंटरवर ठेवला, पोट वर करून.

दुकानदाराने चष्मा लावला. "सर, सील तोडलंय तुम्ही. आता परत घेता येणार नाही."

"ही वायर कुठे जाते?" काकांनी विचारलं.

"सर, विमानं दिसतायत ना? मग झालं तर."

"मी विचारतोय, ही वायर कुठे जाते?"

दुकानदार चष्मा पुसू लागला. काकांनी डबा उचलला आणि शेजारी हेडफोन बघत असलेल्या गृहस्थाला दाखवला. "बघा हो, तुम्हाला दिसते का कुठे जाते? माझे कान गेलेत म्हणतात, डोळेही गेले असतील." गृहस्थांनी वाकून बघितलं आणि हातातला हेडफोन परत काचेवर ठेवला. काका पुढच्या बाईंकडे वळले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. एकेकाला नीट, समजावून दाखवत होते, सूर शिकवावा तसं. तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आत दुकानदार काउंटरबाहेर आला.

"सर, सर. पैसे परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. बदल्यात दुसरा माल घ्या, काय हवं ते."

काका काही बोलणार तेवढ्यात ताई म्हणाली, "चालेल. मागचे ड्रॉवर उघडा."

आणि मग जे झालं ते काकांनी पुढे कित्येकांना रंगवून सांगितलं. ताई खुर्चीवर बसली, कालच्याच, आणि दुकानदार ड्रॉवर घेऊन येऊ लागला. कचरा म्हणाला होता तोच सगळा.

आधी डोंगल. अंगठ्याएवढं, कॉम्प्युटरला लावायचं, खरा रिसीव्हर हाच. ताईने प्लॅस्टिकची दोन बाजूला सारली आणि धातूच्या खोळीतलं एक घेतलं. "हे गरम होतं, खोळ असली की उष्णता बाहेर जाते."

"याचा सूर उन्हाने उतरणार नाही ना?" काकांनी विचारलं. पियानोच्या तारा उन्हाने उतरतात, त्यांना तेवढीच भीती. "ते दुसरं बघ, त्यावर लिहिलंय की आतला सूर धरणारा स्फटिक जास्त स्थिर आहे."

"उतरला थोडा तरी चालतो. विमानाची हाक चांगली ऐसपैस असते, तुझ्या तारेसारखी केसाच्या रुंदीची नाही. त्याला जास्त पैसे घालवायचे नाहीत. आपल्याला पैसे इथे घालायचेत." तिने एक चपटी धातूची डबी उचलली. "फिल्टर. समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे. तो इतका बोंबलतो, की शेजारी उभ्या असलेल्याचं बोलणं ऐकू येणार नाही. हा फिल्टर फक्त एक हजार नव्वदच्या आसपासचं आत सोडतो, बाकी दारातच थांबवतो. यातच ॲम्प्लिफायर आहे. हा अँटेन्याच्या बुडाशी लावायचा, खाली खोलीत नाही."

"का?"

"केबलमध्ये आवाज झिजतो. झिजलेला मोठा करून काय उपयोग?"

हे काकांना लगेच पटलं.

केबल तिने जाड घेतली आणि छतापासून खिडकीपर्यंतच्या अंतराला पुरेल एवढीच, वर हातभर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जास्त घेऊन ठेवा, कामाला येते." आता तो मॅडम म्हणत होता. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. कॉम्प्युटर पत्त्यांच्या कॅटाएवढा, जुना नमुना. नवा घेऊन काही फरक पडत नाही म्हणाली, पण वीज पुरवणारा चार्जर मात्र चांगला, कमी पडला की सगळं रुसून बसतं. अँटेना तिने घेतलाच नाही, नुसतं एक जोडणीचं टोपण घेतलं. "तो आपण घरी करू."

अँटेना काकांनी केला. ताईने मोजमाप सांगितलं, साडेसहा आणि सात सेंटिमीटरच्या मधे, सातच्या जवळ, एक तार उभी आणि चार खाली तिरक्या उतरलेल्या. लाटेच्या लांबीचा चौथा भाग. काका हसले, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. तारेची लांबी बदलली की सूर बदलतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पियानोची पोलादी तार काढली, तर ताईने हातावर मारलं. तांब्याची घ्यायला लावली. काकांनी तार कानशीने घासत, पुन्हा पुन्हा मोजत, दुपार घालवली. ताई म्हणत होती, एवढं नेमकं लागत नाही. ते ऐकतच नव्हते.

अँटेना छतावर पाण्याच्या टाकीच्याही वर, एका नळीच्या टोकाला चढला. दोन दिवसांनी दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी छपरावरून विमान गेलं आणि त्याच्या आधी पाऊण मिनिट, कॉम्प्युटरला जोडलेल्या घरच्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर ते दिसायला लागलं होतं. विमानाचा नंबर, दिशा आणि उंची. एक हजार नऊशे फूट. मग अठराशे पन्नास. मग काच गुणगुणली.

काका खाली बसले. त्यांना आनंद झाला असं म्हणता येणार नाही. जे आठ महिने माहीत होतं ते आकड्यात समोर आलं होतं आणि आकडा बघून राग आणखीच वर आला. तीन हजार म्हणे.

पुढचे तीन आठवडे दोघांनी वही ठेवली. काका कानाने वेळ लिहायचे, यंत्र आपलं लिहायचं, संध्याकाळी दोन्ही ताडून बघायचे. ताई रोज विमानतळाच्या हवामानाच्या बातमीतून हवेचा दाब उतरवून घेई. विमान उंची सांगतं ती एका ठरीव दाबावरून. दाब बदलला की एका मिलिबारमागे साधारण तीस फुटांचा फरक धरावा लागतो. "यावर ते नक्की बोट ठेवतील," ती म्हणाली. "त्याआधी आपणच ठेवू."

पण पहिलं बोट काकांवरच आलं. रोज तीन-वीसच्या सुमाराला काकांच्या वहीत एक विमान असे. यंत्राच्या वहीत त्या वेळी आभाळ रिकामं. एक दिवस नाही, रोज.

"यंत्र चुकतंय," काका म्हणाले.

"बाकीच्या साडेतीनशे वेळा बरोबर आणि रोज तीन-वीसलाच चुकतं?"

"मग माझा कान चुकतोय का? तूही तेच म्हणणार का आता?"

 दुसऱ्या दिवशी तीन-वीसला घरघर सुरू झाली, तसे काका पायात चपला अडकवून बाहेर पडले. गल्लीत उभे राहिले, डोकं एकदा इकडे एकदा तिकडे वळवत, आणि आवाजामागे चालत गेले. कोपऱ्यावर कपडे धुणाऱ्यांचं दुकान होतं. त्यांनी मागच्या बोळात नवा मोठा पंखा बसवला होता, वाळवणीच्या खोलीतली गरम हवा बाहेर फेकणारा. रोज तीन-वीसला तो चालू व्हायचा आणि बोळाच्या दोन भिंतींमध्ये त्याचा आवाज घुमून वरून आल्यासारखा वाटायचा.

काका त्या बोळात बराच वेळ उभे होते. गरम, साबणाच्या वासाची हवा तोंडावर येत होती. इतका संताप त्यांना त्या पत्राचाही आला नसेल, कारण हा संताप कोणावर काढायचा तेच समजत नव्हतं. घरी येऊन त्यांनी वही उघडली, तीन-वीसच्या सगळ्या ओळी लाल पेनाने खोडल्या आणि पाठवलेल्या जुन्या तक्रारीची प्रत काढून त्यातल्याही सहा खोडल्या.

"त्या राहू दे की," ताई म्हणाली. "त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना," काका म्हणाले.

तक्रार कक्षात भेटीची वेळ मिळायला पंधरा दिवस गेले. छोटी खोली, मधोमध टेबल, भिंतीवर विमानतळाचा रंगीत फोटो. सही करणारे अधिकारी स्वतः होते, चाळिशीतले, घड्याळ बघत असलेले. बाजूला तांत्रिक विभागातल्या एक बाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या.

काकांनी वही पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती उघडली नाही.

"हे घरी बनवलेलं यंत्र आहे ना? याला आम्ही पुरावा मानू शकत नाही."

"यंत्र घरचं आहे, आकडे तुमच्या विमानांचे आहेत," काका म्हणाले.

"काका, हे बघा." अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडला. विमानं उतरण्याची वाट त्यावर निळ्या रेघेने काढली होती, वस्तीपासून चांगली दोन कोस लांब. "आमची वाट तुमच्यावरून जातच नाही."

काकांनी नकाशा बघितला. मग मान वर केली. "ही रेघ कुठे जायला हवं ते सांगते. मी कुठे जातात ते विचारतोय. तुम्ही पत्र लिहिण्याआधी एक तरी विमान प्रत्यक्ष बघितलंत का, ते सांगा."

अधिकाऱ्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"नाही बघितलंत. रेघ बघून मला बहिरं ठरवलंत. मी अडतीस वर्षं कानावर पोट भरतोय. उद्या मी तुमची सही वाचता येत नाही म्हणून तुम्हाला निरक्षर म्हटलं तर?"

ताईने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. काका थांबले, पाणी प्यायले. वही उघडून त्यांनी लाल रेघा दाखवल्या. "या नोंदी माझ्या चुकीच्या होत्या. तो लॉन्ड्रीचा पंखा निघाला. खोडल्यात. उरल्या त्या तपासा."

तांत्रिक बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. वही आपल्याकडे ओढली. "दाबाची दुरुस्ती केलीय यात?"

"रोजची. उजवीकडचा रकाना," ताई म्हणाली.

बाईंनी एक तारीख निवडली, लॅपटॉपवर काहीतरी शोधलं, मग दुसरी तारीख, मग तिसरी. खोलीत फक्त बटणांचा आवाज येत होता. शेवटी त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "बरोबर आहे, सर. आपल्या रडारवरही हेच आहे. गर्दीच्या वेळात विमानं आधीच वळवून घेतात, शॉर्टकट. आठ-नऊ महिने झाले असतील."

"मग मला कोणी सांगितलं नाही," अधिकारी म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात.

दहा दिवसांनी दुसरं पत्र आलं. आधीचं पत्र मागे घेत असल्याचं त्यात होतं आणि दिलगिरी होती. वळण बदलल्याचंही लिहिलं होतं. खरंच, त्या सोमवारपासून छपरावरचा आवाज थांबला. काकांनी तीन दिवस सलग काम केलं, अकरा ते चार, मध्ये हात न थांबवता. त्यांना वाटलं होतं की आपण फार खूश होऊ. झालेही, तीन दिवस.

चौथ्या दिवशी दारात एक बाई आल्या. रेल्वेच्या यार्डापलीकडच्या वस्तीत राहायच्या, घरी बसून पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम करायच्या, अंधांसाठी. संगीत शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पत्ता दिला होता.

"सोमवारपासून सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "दर दहा मिनिटांनी. एक परिच्छेद पुरा होत नाही. फोन केला तर म्हणाले, तुमच्यावरून विमान जातच नाही."

काकांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. ते ताईकडे बघत होते, पण ताई यंत्राकडे बघत होती. पडद्यावर एक विमान यार्डाच्या पलीकडे वळत होतं. सतराशे पन्नास फूट. वर नेलं नव्हतं, दुसऱ्याच्या डोक्यावर सरकवलं होतं, एवढंच. आणि कान तपासा म्हणणारं पत्र त्या बाईंसाठी आत्ता कुठल्यातरी टेबलावर तयार होत असेल.

"माझ्या अर्जाने केलं हे," काका म्हणाले.

"तुझ्या अर्जाने नाही," ताई म्हणाली. "आळसाने. त्यांच्या."

पण काकांना बसवेना. त्यांनी पियानोचं झाकण लावलं, बाईंना खुर्ची दिली आणि कोरा कागद घेतला. वरती त्या अधिकाऱ्यांचं नाव घातलं. मग थांबून दुसरा कागद घेतला आणि बाईंसमोर सरकवला.

"अर्ज मी लिहितो, आपण दोघं सही करू. पण त्याआधी तुमचे आकडे हवेत, इथून टिपलेले ते मानणार नाहीत. लिहून घ्या. डोंगल धातूच्या खोळीतलं. फिल्टर घ्याच, तुमच्याकडे टॉवर आहे का जवळ?"

"आहे, दोन."

"मग घ्याच. केबल लागेल तेवढीच. आणि पडदा असलेला काळा डबा कोणी दाखवला, तर आधी उघडून दाखवा म्हणावं."

"अँटेना कुठला घेऊ?"

"घेऊ नका," काका म्हणाले, आणि कपाटातून तांब्याची तार काढायला उठले.